एका चिमटीतले तीळ

भोगीच्या दिवशी सकाळीच निरोप फिरला :
प्रत्येक वर्गानं सण साजरा करावा,
अकराच्या आत फोटो ग्रुपवर यावेत.
चौथीनं स्पीकर आणला.
दुसरीत ढोल, एकच, आणि तोही एका बाजूनं फुटका.
मी कपाटातून काळे कागद काढले
आणि पिशवीतून पावशेर तीळ,
वारज्याच्या चौकातल्या दुकानातले, न भाजलेले.

"बाई, लाडू कधी?" सोपाननं विचारलंच.
लाडू शेवटी. आधी हिशेब.
प्रत्येकाच्या कागदावर एक चिमूट. सांगा बघू, किती?
वीस, म्हणाली आल्फिया, जपून.
एक लाख, म्हणाला जोएल,
त्याचं सगळंच लाखात असतं.
फळ्यावर दोन्ही लिहिले.
अंदाजाला चूक म्हणत नाहीत,
अंदाजच म्हणतात, मी सांगितलं,
आणि सांगताना माझं मलाच बरं वाटलं.

मग बोटाच्या टोकानं एकेक तीळ सरकवायचा.
दहाचा ढीग. दहा ढिगांचं एक शतक.
नियम एवढाच : फुंकर नको,
बोलायचं असेल तर तिळाएवढं.

आणि वर्ग निवत गेला
चुलीवरून उतरवलेल्या दुधासारखा.
साय धरली शांततेवर.
भिंतीपलीकडे स्पीकर धडधडत होता,
बाहेर बायपासवर ट्रक,
पण विहंगनं कानांवर हात ठेवले नाहीत.
दहीहंडीच्या दिवशी मी त्याला
जिन्याखालून, पाण्याच्या टाकीमागून शोधून आणलं होतं.
आज तो जीभ किंचित बाहेर काढून
सव्विसाव्या तिळाशी बोलत होता.

हलव्याला काटा मंद आचेवरच येतो.
पाक थेंबाथेंबानं सोडायचा, हात फिरवत राहायचा.
घाई केली की गोळा होतो, गोड, पण गोळा.
हे मला डी.एड.ला कुणी शिकवलं नाही.

मल्लेशी जूनमध्ये आला, यादगीरकडून,
त्याची आई समोरच्या बांधकामावर विटा वाहते.
सहा महिने मान हलवून हो, मान हलवून नाही.
आज त्याचे ओठ हलत होते :
ओंदु, एरडु, मूरु…
मी थांबले. तोही थांबला.
मी खिडकी उघडायचं निमित्त केलं, पुढे गेले.
त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.
"हत्तु," तो म्हणाला, दहाव्या तिळावर बोट ठेवून.
"हत्ती?" सोपान वळला.
"हत्तु."
"दहा तिळांचा एक हत्ती!"
मग काय, सगळा बाक हत्ती मोजू लागला.
सोपानकडे चौदा हत्ती, सात तीळ.
मल्लेशीकडे सतरा, आणि एक दात, पडू आलेला,
जो तो पहिल्यांदाच दाखवत होता.

एकशे त्रेचाळीसवर आल्फिया शिंकली.
"बाई, लिहा," ती म्हणाली शांतपणे,
"एकशे त्रेचाळीस, आणि बाकीचे हवेत."
मी तसंच लिहिलं.

अकराला मोठ्या बाई आल्या.
मोबाइल उंच धरला, खाली धरला.
"यात काहीच दिसत नाहीये हो,
काळा कागद आणि कुणाचा तरी अंगठा."
तोच फोटो गेला.
चौथीच्या फोटोला बावीस बदाम आले, आमच्याला दोन,
त्यातला एक माझ्या नवऱ्याचा.

लाडू वाटताना मुलं एकमेकांना
तिळगूळ घ्या, गोड बोला म्हणत होती,
नेहमीसारखं, घाईघाईत, अर्धं तोंडात.
मल्लेशीनं लाडू हातात फिरवून पाहिला,
"एळ्ळु," तो म्हणाला, आणि मग, "बेल्ल."
कुणी अर्थ विचारला नाही,
सगळ्यांच्या तोंडात होताच.

शाळा सुटल्यावर सुलभामावशी झाडू घेऊन आल्या.
"बाई, खाली तीळच तीळ. काढू?"
शिंकेतले, बाही लागून सांडलेले,
बाकाखालून भिंतीपर्यंत
मुंग्यांनी केव्हाच रांग धरली होती.
आणि दारात, दप्तर पाठीवर तसंच,
रिक्षावाले काका हॉर्न देत असताना
विहंग उकिडवा बसून मोजत होता,
तीळ नाही, मुंग्या.

उद्या सुट्टी आहे, मी म्हटलं मावशींना,
राहू द्या परवापर्यंत.